संकल्प ‘सोडायचा’ असतो: पाडवा, चैत्रांगण आणि रोजची रांगोळी

प्रश्न थोडक्यात असा. बेंगळुरूत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की दर पाडव्याला त्या वहीत आठ-दहा संकल्प लिहितात आणि रामनवमीपर्यंत त्यातला एकही शिल्लक राहत नाही. शाळेत असताना चित्रं काढायची खूप आवड होती, ती संसारात सुटली. नव्या वर्षाचा संकल्प रांगोळीतून किंवा चित्रातून करता येईल का? घर चौथ्या मजल्यावर आहे, अंगण नाही, आणि सात वर्षांचा मुलगा रांगोळी दिसली की हात घालतो.

ताई, करता येतो. मी अठ्ठावीस वर्षं रांगोळी शिकवते आणि त्याहून जास्त वर्षं चैत्रात महिनाभर चैत्रांगण काढते. माझे स्वतःचे जे संकल्प तडीला गेले ते बहुतेक सगळे या महिन्यात जमिनीवर उमटलेले होते. वहीत लिहिलेले फारसे टिकले नाहीत. असं का होत असावं यावर मी बराच विचार केला आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी शब्दाकडे बघू. आपण ‘संकल्प केला’ म्हणतो, पण पूजेला बसलं की गुरुजी म्हणतात, ‘संकल्प सोडा.’ तळहातावर पळीभर पाणी घ्यायचं आणि ताम्हनात सोडायचं. त्याआधी गुरुजी काय म्हणतात ते पुढच्या वेळी कान देऊन ऐका. कल्प, मन्वंतर, युग. मग जागा: जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य देश, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग तुमचं गोत्र, तुमचं नाव. एवढं सगळं झाल्यावर अगदी शेवटी काम येतं, अमुक पूजा ‘करिष्ये’, करीन. आणि करीन म्हटल्याबरोबर, त्याच बैठकीत, हात कामाला लागतो. कलशाला गंध लागतं, घंटा वाजते. संकल्प आणि काम यांच्या मध्ये चहा प्यायलाही कुणी उठत नाही.

त्या सगळ्या शब्दांत ‘मी शांत राहीन’ किंवा ‘मी नियमित होईन’ असं काही नसतं. तिथे स्वभावाबद्दल एक अक्षर नाही. एक ठिकाण आहे, एक वेळ आहे, एक माणूस आहे आणि त्या माणसाच्या हाताला झेपेल असं, सुरुवात आणि शेवट असलेलं एक काम आहे. तुमच्या वहीतले आठ-दहा संकल्प मला न बघताही साधारण माहीत आहेत, कारण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांच्या वह्यांत तेच असतात: वजन, चिडचिड, वाचन, पैसे, स्वतःसाठी वेळ. त्या सगळ्या इच्छा आहेत. इच्छा असण्यात काही वाईट नाही, पण इच्छेला पाणी सोडता येत नाही.

आता यात चैत्रांगण कुठे येतं ते सांगते. चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसते, झोपाळ्यात. ती महिनाभर माहेरी राहते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत जाते. या महिन्यात रोज सकाळी सडा घालून अंगणात जी रांगोळी काढतात ते चैत्रांगण. काही घरांत पाडव्यापासूनच सुरू करतात. मध्ये देव्हारा, त्यात झोपाळ्यावर गौर. वर सूर्य, चंद्र, गुढी, तोरण. भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्म म्हणजे गाईच्या पावलाची खूण, लक्ष्मीची पावलं, तुळशी वृंदावन, नाग, कासव, अंबारीचा हत्ती, मोर, गाय-वासरू, पालखी, समई. किती चिन्हं हवीत याचा आकडा घराघरात वेगळा आहे, त्यावर वाद घालू नये. आणि ही रीत सगळ्या मराठी घरांत नाही. तुमच्याकडे नसेल तरी हरकत नाही, रांगोळीला कुणी दाखला मागत नाही.

मला त्यातली सगळ्यात जवळची वाटतात ती खालच्या बाजूची छोटी चिन्हं: फणी, आरसा, कुंकवाचा करंडा. विष्णूच्या चक्राच्या आणि शंकराच्या डमरूच्या शेजारी बाईची फणी. ज्या कुणी पहिल्यांदा ती काढली तिने आपलं रोजचं हत्यार देवांच्या आयुधांच्या रांगेत बसवलं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. माझ्या सगळ्या शिकवण्याचा पाया हा आहे. तिने फणी काढली, तर तुम्ही तुमच्या संकल्पाचं हत्यार काढा. परंपरेतली दहा-बारा चिन्हं आणि त्यांत एक तुमचं. एकच.

हे कसं चालतं त्याचं एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या. लग्नाआधी पेटी वाजवायच्या. त्यांचा संकल्प ‘पुन्हा संगीताकडे वळायचं’ असा होता. मी म्हटलं, वळायचं कसं काढणार? पेटी काढा. पहिल्या दिवशी त्यांनी एक चौकट काढली, त्यात उभ्या रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी काळ्या पट्ट्या काढायला गेल्या आणि थांबल्या. दोनाच्या जोडीनंतर तीन येतात की तीनानंतर परत तीन, हे आठवेना. बोटांना माहीत होतं, डोळ्यांना नव्हतं. त्या संध्याकाळी केवळ बघण्यासाठी त्यांनी माळ्यावरून पेटी खाली काढली. भात्याला भोक पडलं होतं, दोन सूर चिकटले होते. पेटी दुरुस्तीला गेली, आठवडाभराने घरी आली. तोवर इकडे रांगोळीतली पेटी रोज थोडी खरी होत होती, दोन-तीन, दोन-तीन, मग भात्याच्या घड्या, मग स्वरपट्ट्यांवरची खिट्टी. महिन्याच्या शेवटी त्या रोज पंधरा मिनिटं अलंकार वाजवत होत्या. त्यांना मी वाजवा म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं. जी वस्तू रोज हाताने काढायची ती रोज बघावी लागते, आणि जी रोज बघितली ती कपाटात बंद राहत नाही.

हल्ली भिंतीवर स्वप्नांची चित्रं चिकटवायची पद्धत आहे, मासिकातून कापलेला बंगला, समुद्रकिनारा, बारीक कमरेची बाई. करणाऱ्यांच्या मनाबद्दल मला आदर आहे, पण मी ते सुचवणार नाही. ती चित्रं शेवटाची असतात, कामाची नसतात. शिवाय ती एकदा चिकटवली की चिकटलेली. आठ दिवसांनी डोळा त्यांच्यावरून भिंतीवरून फिरावा तसा फिरतो. रांगोळी दुसऱ्या दिवशी केरात जाते आणि नव्याने काढावी लागते, तिचं बळ तिथेच आहे. काल तुम्ही संकल्प केला होता याला आज सकाळी काही किंमत नसते, जमीन कोरी असते. तसंच काल मोडला होता यालाही किंमत नसते.

संकल्प कसा मांडायचा ते आता सांगते. १९ मार्च २०२६ ला पाडवा आहे. शके १९४८ सुरू होतं आणि संवत्सराचं नाव आहे पराभव. नाव ऐकून दचकू नका. साठ संवत्सरांच्या फेऱ्यात ते दर साठ वर्षांनी येतंच, याआधी १९६६ च्या पाडव्याला आलं होतं. गुढीची पूजा झाली, कडुलिंब, गूळ, ओवा, हिंग, मिरी वाटून त्याची गोळी खाल्ली (तुमच्या शेजारीपाजारी त्याच दिवशी उगादीचं बेवू-बेल्ला, म्हणजे कडुलिंब-गूळच, खात असतील) की पाटावर बसा आणि मोठ्याने म्हणा. मराठीतच म्हणा. शके अमुक, चैत्र शुद्ध प्रतिपदा, गुरुवार, बेंगळुरू, आपल्या भागाचं नाव, चौथा मजला. मी अमुक. अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज सकाळी चैत्रांगण काढीन आणि त्यानंतर लगेच पंधरा मिनिटं अमुक करीन. पाणी सोडा. आणि उठू नका, पहिली रेघ तिथेच ओढा.

वर्षभराचा संकल्प सोडू नका, एक चांद्रमास पुरे. पुढचं पुढे ठरतं. या वर्षी तर अधिक ज्येष्ठ आहे, शके १९४८ ला तेरा महिने आहेत. चांद्र वर्ष सूर्याच्या वर्षाहून साधारण अकरा दिवसांनी कमी भरतं, ती तूट अधिक महिना भरून काढतो. मी स्वतः अधिक महिन्यात नवं काही धरत नाही, चैत्रात जे अर्धवट राहिलं ते पुन्हा हाती घेते. हा माझा नेम आहे, शास्त्र नाही.

‘अमुक’ म्हणजे काय, हे मात्र तुम्हालाच ठरवायचंय. तुमच्या पत्रात मला एक गोष्ट ठळक दिसली: चित्रकला सुटल्याचं तुम्ही आवर्जून लिहिलंत. तेव्हा मी असते तर पेन्सिल काढली असती. साधी, टोक केलेली. आणि पंधरा मिनिटं घरातली एक वस्तू बघून कागदावर उतरवली असती.

आता साहित्य. अंगण नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. सामाईक मार्गिकेत रोज मोठी रांगोळी काढलीत तर पाय पडणार, झाडणाऱ्या बाईंनाही त्रास. दीड फूट बाय दीड फूट प्लायवूडचा तुकडा आणा. गेरू पाण्यात रात्रभर भिजवा, त्यात थोडं डिंकाचं पाणी घाला, नाहीतर सुकल्यावर बोटाला लागत राहतो. कापडाच्या बोळ्याने दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. हा पाट देवाजवळ किंवा दाराच्या आत ठेवा. रांगोळी पांढरीच घ्या, रंग नकोत. चैत्रांगण मुळात पांढरंच असतं, त्यावर हळदकुंकवाची चिमूट पडते तेवढाच रंग. शिरगोळ्याची, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाची, जरा जाडसर रांगोळी सगळ्यात चांगली, ती जड असते म्हणून धार सरळ पडते. पिठासारखी बारीक घेतली की दमट हवेत गोळा होते आणि रेघ तुटते. आमच्या कोकणात भाताची तुसं जाळून केलेल्या रांगोळीवर हात बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, ती फार हलकी, पण त्यांची रेघ बघत राहावी अशी.

चिमूट अंगठा आणि तर्जनीत, मधलं बोट खालून आधाराला. हात पाटापासून दोन बोटं वर. अंगठा तर्जनीवरून हळूच पुढे सरकवायचा, पावडर आपोआप सुटते. नवशिक्या माणसाची चूक एकच असते, चिमूट घट्ट दाबून धरतात आणि मनगट फिरवतात. मग रेघ जाड-बारीक होते आणि वळणावर ढीग पडतो. चिमूट सैल ठेवा आणि हात खांद्यापासून फिरवा. पहिले चार दिवस फक्त सरळ रेघा, गोपद्म आणि स्वस्तिक एवढंच काढलंत तरी पुष्कळ. छापे आणि नळ्या मिळतात, घाईच्या दिवाळीत मीही त्यांना नावं ठेवत नाही. या महिन्यात मात्र त्या लांब ठेवा, कारण इथे रांगोळी दिसणं महत्त्वाचं नाही, तुमचा हात त्या वस्तूवरून रोज जाणं महत्त्वाचं आहे.

एक गोष्ट मी गेल्या दहा-बारा वर्षांत स्वतःची म्हणून जोडली आहे आणि ती मला फार प्रिय आहे. चैत्रांगणात चंद्र असतोच. सगळ्या जणी तो कंसासारखा उभा काढतात, लहानपणापासून तसाच काढलेला असतो. तुम्ही तो रोज बघून काढा. तृतीयेला सूर्य मावळल्यावर गच्चीवर जा आणि पश्चिमेला बघा. चैत्रातली संध्याकाळची कोर आपल्याकडे जवळजवळ आडवी असते, होडीसारखी, दोन्ही टोकं वर. पहिल्यांदा ती तशी बघितली तेव्हा मी पन्नाशीची होते, आणि इतकी वर्षं मी न बघता चंद्र काढत होते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोर तशीच पाटावर उतरवा. अष्टमीला अर्धा, पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, पूर्ण. मग कृष्ण पक्षात तो संध्याकाळी दिसेनासा होतो, रात्री उशिरा उगवतो, आणि शेवटच्या आठवड्यात तो पहाटेच, रांगोळी काढायच्या वेळीच, पूर्वेला असतो. अमावस्येला ती जागा रिकामी सोडा, नुसता एक ठिपका ठेवा. आणि अक्षय्य तृतीयेला परत तीच होडी. पंचांगातली तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा अंशांचं अंतर, हे वाचून मला काही वाटलं नव्हतं. तीस सकाळी चंद्र काढल्यावर ते कळलं. संकल्पाचा हिशेब ठेवायला वेगळी वही लागत नाही, आज किती दिवस झाले ते चंद्रच सांगतो.

दिवस चुकणारच. त्याबद्दल माझ्या सासूबाईंनी मला शिकवलं ते सांगते. एका चैत्रात माझे यजमान रुग्णालयात होते. मी रात्री तिथे, सकाळी घरी येऊन डबा करून परत. चैत्रांगण चार दिवस पडलं नाही. पाचव्या दिवशी मी फाटकातून आत आले तर सारवलेल्या जमिनीवर मध्यभागी दोनच गोपद्मं होती, एकमेकांना लागून, थरथरत्या हाताची. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या, त्यांना खाली बसता येत नव्हतं. पायरीवर बसून, काठीच्या आधाराने वाकून त्यांनी ती काढली होती. म्हणाल्या, ‘एवढ्यानं अंगण रिकामं राहत नाही.’ तेव्हापासून माझ्या प्रत्येक संकल्पाला असं एक गोपद्म असतं. पंधरा मिनिटं जमली नाहीत तर एक मिनिट. पेटी वाजवता आली नाही तर झाकण उघडून सा धरायचा. तुमच्यासाठी, पेन्सिलीला टोक करून एक रेघ. हे गोपद्म पाडव्यालाच ठरवून ठेवा, दमलेल्या दिवशी ठरवता येत नाही. आणि चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन चैत्रांगणं काढू नका. दोन दिवस चुकून मग भरपाईला दुप्पट करणारीचा नेम तिसऱ्या आठवड्यात सुटतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याबद्दल मला शंका नाही.

फोटो काढायचे तर आठवड्यातून एक. रोज काढून लोकांना पाठवू लागलात की हात लोकांसाठी काढू लागतो. त्याऐवजी महिन्यातल्या एका मंगळवारी किंवा शुक्रवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू करा, शेजारणींना बोलवा. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, एवढंच पुरे. तुमच्या इमारतीतल्या कन्नड शेजारणींना रांगोळीची भाषा समजावून सांगावी लागणार नाही, त्यांच्या दारात ती रोज असते. कुणीतरी विचारेल, देवाजवळ ही पेन्सिल कशाला? सांगा. चारचौघींत तोंडाने सांगितलेलं काम आपल्याला धरून ठेवतं. आणि बोलावताना सगळ्यांना बोलवा, ज्यांचे नवरे गेले आहेत त्यांनाही. माझ्याकडे गेली वीस वर्षं गौरीला पहिलं कुंकू लावतात त्या माझ्या विधवा नणंदबाई, आणि माझी गौर त्यांच्याच हाताने बसते.

राहिला तुमचा मुलगा. तो हात घालतो कारण त्याला ती काढायची आहे. पूर्वी शाळांतून पाडव्याला पाटीपूजन व्हायचं, १ हा आकडा पुन्हा पुन्हा लिहून साधलेली सरस्वती पाटीवर काढायची, फूल वाहायचं. ती त्याला शिकवा, एक काढता येणाऱ्या कुणालाही ती येते. मग पाटाचा खालचा उजवा कोपरा त्याला द्या, वीतभर. रोज त्याची चिमूट त्याच्या हातात, त्याचं चिन्ह तो ठरवेल. क्रिकेटची बॅट काढली तर बॅट, डायनोसोर काढला तर डायनोसोर, हत्ती आणि कासवाशेजारी तोही बसेल. त्याचा कोपरा तुम्ही नीट करायला जाऊ नका. आणि सकाळी पाट पुसायचं काम त्याच्याकडे द्या, मुलांना ते काढण्याइतकंच आवडतं.